सविस्तर चर्चेअंती मंजूर

सोलापुरातल्या एका कॉलेजात मी तीसेक वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. त्यातला एक तास माझा ठरलेला होता आणि तो चांगला रंगायचा. फळ्यावर एकच प्रश्न लिहायचो : सरकारची विकास योजना हा कायदा आहे का? मुलं हो म्हणायची. मग मी सांगायचो, नाही. दिल्लीत बसून साऱ्या देशाच्या योजना आखणारं जे मंडळ होतं, त्याचा घटनेत उल्लेखसुद्धा नव्हता. सरकारच्या एका ठरावानं ते आलं आणि तसंच गेलं. योजनेत लिहिलेली गोष्ट झाली नाही, म्हणून कुणी कोर्टात जाऊन ती मागू शकत नाही. मुलं जरा हिरमुसली की खडू खाली ठेवून मी दुसरा भाग काढायचो. योजना कायदा नसेल, पण ती कुणी आणि कशी करायची हे आता घटनेत आहे. गावानं आपला आराखडा करायचा, शहरानं आपला करायचा, आणि जिल्ह्यानं ते सगळे एकत्र करायचे. खालून वर जायचं, वरून खाली नाही. हे म्हणताना मी हात वर न्यायचो. इतक्या वर्षांत ती लकब अंगात भिनली होती.

त्या तासाच्या जोरावर मला ग्रामपंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणाची बोलावणी येऊ लागली. असंच एकदा मोहोळला एका हॉलमध्ये शिबिर होतं. उन्हाळ्याचे दिवस, जेवणानंतरची वेळ. निम्मे सदस्य पेंगत होते, उरलेले मोबाइल बघत होते. माझं हात वर नेणं झाल्यावर मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. चाळिशीच्या असतील. त्यांनी विचारलं, "सर, ह्ये कुटं लिवल्यालं हाय, का तुमी म्हन्ताय?"

लोक हसले. मी म्हणालो, लिहिलेलं आहे, घटनेत आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, "कुटं?" मग मी खाली उतरून माझ्या जवळची घटनेची छोटी प्रत उघडली आणि त्यांना ते पान दाखवलं. त्यांनी ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. आर्थिक विकास आणि सामाजिक न्याय यांसाठी योजना तयार करणे, एवढं वाचून त्या थांबल्या आणि ते पान त्यांनी मोबाइलमध्ये टिपून घेतलं. तीस वर्षांत माझ्या बोलण्याचा पुरावा मागणारी ती पहिली व्यक्ती होती. मला त्याचं कौतुक वाटलं. खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा माझंच जास्त वाटलं.

त्या उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका गावच्या सदस्य होत्या. नवरा-बायको दोघं होडीवर जाऊन मासेमारी करायचे. मी त्यांना ताई म्हणायचो, इथंही तसंच म्हणतो. त्यांच्या गावाची अडचण साधी होती. धरणाचं पाणी वाढलं की त्याची एक जीभ ओढ्यातून आत शिरते आणि त्यांची वस्ती एका अंगाला राहते, गाव आणि शाळा दुसऱ्या अंगाला. पाणी उतरेपर्यंत मधले पाच-सहा महिने शाळेला जायचं तर होडीनं, नाहीतर शेजारच्या गावावरून लांबचा वळसा घालून. मुलगे जायचे कसे तरी. मुलींना आईबाप सातवीनंतर घरीच ठेवायचे.

शिबिरानंतर दोनेक महिन्यांनी त्यांचा फोन आला. ग्रामसभा ठेवली आहे, कागदावरची नाही, खरी. तुम्ही या, असं त्या म्हणाल्या. मी गेलो. शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी बसलेली माणसं दुपार कलली तरी उठली नव्हती. आधी भांडणं झाली. ऊसवाल्यांना आपल्या शेतापर्यंत रस्ता हवा होता, कुणाला स्मशानभूमीला पाणी. ताईंनी प्रत्येकाचं म्हणणं शंभर पानी वहीत लिहून घेतलं. मग वस्तीवरच्या बायका एकेक करून बोलल्या. एकीनं सांगितलं की तिची मुलगी होडीतून पडली होती, वाचली, पण तेव्हापासून शाळेत गेली नाही. ते ऐकून ऊसवाल्यांपैकीच एक म्हातारा म्हणाला, आमचा रस्ता पुढच्या साली लिवा. अशा रीतीनं ओढ्यावरचा पूल पहिल्या क्रमांकावर आला. सगळ्यांच्या सह्या-अंगठे झाले.

मी हेलावून गेलो होतो, यात खोटं काही नाही. परतताना एसटीत मी त्या दिवसाची टिपणं काढली. पुढं सहा महिने मी जिथं जाईन तिथं त्या ग्रामसभेची गोष्ट सांगत होतो. त्यात माझा भाग थोडा थोडा वाढत गेला. शिबिरात विचारलेला प्रश्न, मी उघडलेलं पान, मग गाव जागं झालं, अशी ती गोष्ट होत गेली. एका भाषणाला एक वरिष्ठ अधिकारी हजर होते. त्यांना ती आवडली. तालुक्यांकडून येणारे आराखडे तपासायला त्यांच्या अध्यक्षतेखाली एक छोटा छाननी गट होता. त्यात अभ्यासक म्हणून त्यांनी मला घेतलं.

बैठकीच्या दिवशी होटगी रोडवर माझ्या दारात सरकारी गाडी आली. शेजारी यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे, तिथली माणसं बाहेर येऊन बघत होती. मी उगाचच ड्रायव्हरशी दोन शब्द बोलत रेंगाळलो. टेबलावर माझ्या नावाची पाटी होती, हुद्द्याच्या जागी 'घटनेचे अभ्यासक' असं लिहिलेलं. प्रत्येकापुढं एक जाडजूड बाड ठेवलं होतं.

बैठक पाऊण तास चालली. तेवढ्यात जिल्ह्यातले सगळे तालुके झाले. एक कर्मचारी तालुक्याचं नाव वाचायचा, अध्यक्ष मान हलवायचे, पान उलटायचं. मी घाईघाईनं ताईंचं गाव शोधलं. सापडलं. पहिल्या क्रमांकावर होतं : गावाच्या वेशीवर स्वागत कमान बांधणे. दुसऱ्या क्रमांकावर पेव्हर ब्लॉक. पुलाचा उल्लेख नव्हता. पुढची-मागची पानं पाहिली, नव्हताच. त्याच तालुक्याच्या आणखी दहा-बारा गावांना कमानीच होत्या, शब्दही तेच. यादी कुणीतरी वर बसून केली होती.

मी हात वर केला. अध्यक्ष अगदी आदरानं म्हणाले, "सर, तुमचं मार्गदर्शन शेवटी घेऊ. घाईत नको."

शेवटी म्हणजे चहा आणि शिरा आल्यावर. मला बोलायला सांगितलं गेलं आणि मी उभा राहिलो. माझ्यासमोर ते पान उघडं होतं. एवढंच म्हणायचं होतं की या गावानं कमान मागितलेली नाही, पूल मागितला आहे, मी तिथं होतो. त्याऐवजी मी घटनेत नियोजनाला दिलेल्या स्थानावर बोललो. आर्थिक आणि सामाजिक नियोजन हा केंद्राचा नि राज्याचा समाईक विषय कसा आहे ते सांगितलं. खालून वर म्हटलं. हातसुद्धा वर नेला. सगळ्यांनी माना डोलावल्या, एकानं टाळी वाजवली. मग सह्यांचा कागद फिरला आणि माझ्यापुढं आला. मी सही केली. कागदावर वरती छापलेलं होतं : सर्व आराखड्यांवर सविस्तर चर्चेअंती मंजुरी देण्यात आली. ते मी वाचलं होतं. वाचून सही केली.

का बोललो नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. भीती नव्हती. माझं कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं. बैठक इतकी सुरळीत चालली होती, सगळे इतके अदबीनं वागत होते, की त्यात मोडता घालणं असभ्यपणाचं वाटलं. आणि पुन्हा बोलावणं यावं असं वाटत होतं. यापेक्षा मोठं कारण मला सापडलेलं नाही.

आठवड्याभरात ताईंचा फोन आला. तालुक्याला गेल्यावर त्यांना कमानीचं कळलं होतं. आता पुढं कुठं जायचं, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मी माझ्या परीनं प्रयत्न केला, पण यादी वरून आली होती. मी त्या बैठकीला होतो हे सांगितलं नाही, सही केल्याचं तर नाहीच. त्यांनी माझे आभार मानले.

पुढचं मला बराच काळ माहीत नव्हतं. ताईंनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि बैठकीचं इतिवृत्त मागवलं. ते घेऊन त्या सोलापुरात एका तरुण वकील मुलीकडे गेल्या. ही मुलगी माझी विद्यार्थिनी. विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू, कॉलेजात मराठी, आणि दोन्हीत तितकीच नेमकी. माझ्या त्या ठरलेल्या तासाला ती पहिल्या बाकावर बसायची.

एका रविवारी सकाळी दोघी माझ्या घरी आल्या. बायकोनं पोहे केले. ताईंनी पिशवीतून कागद काढला आणि माझ्यापुढं ठेवला. माझी सही मला उलटीकडूनही ओळखू आली. ताईंच्या आवाजात राग नव्हता. त्या म्हणाल्या, "सर, सविस्तर चर्चा झाली म्हणत्यात. आमच्या गावावर काय चर्चा झाली, तेवढं सांगा."

 मी कायदा सांगू लागलो. विकास योजना हा धोरणाचा भाग असतो, त्यात कोर्ट सहसा पडत नाही. मार्गदर्शक तत्त्वं कोर्टाकडून अंमलात आणता येत नाहीत, हे घटनेतच म्हटलं आहे. पूल मिळणं हा कुणाचा हक्क होत नाही. मी बराच वेळ बोललो असेन, कारण पोहे निवले. ताई माझ्याकडे बघत होत्या. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

माझं संपल्यावर वकील मुलगी म्हणाली, "सर, पूल बांधून द्या असं आम्ही मागतच नाही. गावाला विचारून आराखडा झाला का, एवढंच विचारतोय. ते तर घटनेत आहे. तुम्हीच शिकवलंत."

मग तिनं काय हवं ते सांगितलं. त्यांनी वरच्या कोर्टात अर्ज केला होता. इतिवृत्त खोटं आहे हे सांगणारं तिथं हजर असलेल्यांपैकी कुणीतरी हवं होतं. मी एक पानाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं : मी बैठकीला होतो, या गावाच्या आराखड्यावर चर्चा झाली नाही, ग्रामसभेचा ठराव बैठकीपुढं आला नाही. मी म्हणालो, देतो. त्या क्षणी द्यायचंच होतं. ताईंनी उठताना मला वाकून नमस्कार केला. मी त्यांना थांबवायला हवं होतं.

आठ दिवसांनंतरच्या सोमवारी सात रस्ता चौकाजवळ नोटरीकडे भेटायचं ठरलं. त्याआधी शुक्रवारी अध्यक्षांचा फोन आला. त्यात धमकी वगैरे काही नव्हतं. कोर्टाचा विषय त्यांनी काढलाही नाही. कदाचित त्यांना माहीतही नसेल. पुढच्या महिन्यात मोठी बैठक आहे, गाडी पाठवतो, असं म्हणाले. आणि म्हणाले, "तुमच्यासारखी अभ्यासू माणसं आम्हाला हवी आहेत."

सोमवारी मी वकील मुलीला रक्तदाब वाढल्याचं कळवलं. गुरुवारी तिला पुन्हा फोन करून सांगितलं की मजकुराची शब्दरचना थोडी काटेकोर करायला हवी, मीच करून पाठवतो. 'चर्चा झाली नाही' याच्या जागी मी लिहिलं, 'पुरेशी चर्चा झाली किंवा कसे, याबाबत निश्चित विधान करता येणार नाही.' ते वाक्य करायला मला एक आख्खी दुपार लागली. इतकी काळजी मी माझ्या प्रबंधातल्या वाक्यांवरही घेतली नव्हती. ते घेऊन मी स्वतःच तिच्या ऑफिसात गेलो. तिनं उभ्याउभ्या वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं.

"हे नको, सर," ती म्हणाली. "हे त्यांच्याच कामाला येईल."

तिनं मला बसा म्हटलं, चहा मागवला, मी तिच्या आई-वडिलांची चौकशी केली तर नीट उत्तरं दिली. माझ्याशी वागण्यात तिनं तसूभर फरक केला नाही. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, दिलंत का? मी म्हणालो, तिला ते आता लागणार नाही. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेली. त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही.

निकाल लागल्याचं वकील मुलीनं फोनवर थोडक्यात सांगितलं. सरकारी उत्तरात इतिवृत्त जोडलं होतं, आणि बैठकीला घटनेचे एक अभ्यासकही हजर होते व त्यांनी सही केली आहे, असं मुद्दाम नमूद केलं होतं. कोर्टाला कागदावरून तरी रीत पाळलेली दिसली. गावानं पुढच्या वर्षाच्या आराखड्यासाठी पुन्हा निवेदन द्यावं, असं म्हणून अर्ज निकाली निघाला. कोर्टासमोर जे कागद होते, त्यांवरून दुसरं काही ठरणं अवघडच होतं. ती म्हणाली, "ताईंना मी सांगितलंय, सर. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

मोठ्या बैठकीला मी गेलो नाही. गाडी दारातून परत पाठवली. राजीनाम्याचं पत्र लिहिलं, प्रकृतीच्या कारणावरून. तिथंसुद्धा खरं कारण लिहायला धजलो नाही. ते मिळाल्याचं कुणी कळवलं नाही, आणि गटाच्या सदस्यांच्या पुढच्या यादीत माझ्या जागी दुसरं कुणी आलं.

दिवाळी झाल्यावर मी एकटाच त्या गावाला गेलो. न कळवता. एसटीतून उतरलो तर समोर कमान उभी. गुलाबी रंगाची, वर दोन सिंह. कमानीखालून रस्ता गावात जात होता आणि गाव संपल्यावर पाण्यात. पाणी भरपूर होतं. पलीकडून मोटारपंपांचा आवाज येत होता. एका माणसाला विचारलं तर त्यानं मला होडीतून वस्तीवर सोडलं.

ताई घरापुढं जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, पोतं अंथरलं, पाणी दिलं. मी बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. बैठकीत ते पान माझ्यापुढं उघडं होतं. मला बोलायची संधी मिळाली होती आणि मी भाषण केलं. फोनवर तुमच्याशी खोटं बोललो. प्रतिज्ञापत्र मी आजारपणानं टाळलं नाही. माफ करा म्हणायचं मी एसटीत ठरवलं होतं, पण तिथं तो शब्द फार सोपा वाटला, म्हणून म्हणालो नाही.

त्यांची सुई चालूच होती. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "मला त्या दिशीच कळलं व्हतं, सर. मी इच्यारलं एक, आन् तुमी कायदा सांगाय लागला. तवाच."

 जाळ्याची एक गाठ मारून त्यांनी विचारलं, "आता ह्ये मला सांगितलं. सभंत सांगाल?"

मी हो म्हणालो. या वेळी हो म्हणताना मला स्वतःची खात्री नव्हती, आणि ती त्यांनाही नसावी, कारण त्यांनी फक्त मान हलवली. पण ग्रामसभेच्या दिवशी मी गेलो.

त्याच पत्र्याच्या शेडमध्ये मी उभा राहिलो. या आधी तिथं मला हार घातला होता. माझी अशी कल्पना होती की लोक चिडतील, निदान कुणीतरी चार शब्द सुनावेल. तसं झालं नाही. निम्म्यांना मी काय सांगतो आहे हे कळलं नाही. एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, ह्ये कोणच्या खात्याचं साहेब? मी अडखळत सांगितलं की या गावच्या पुलाचा विषय निघालाच नाही, मी काढला नाही, आणि काढला असं लिहिलेल्या कागदावर सही केली. मागं बसलेल्या एका बाईनं विचारलं, "मग आता पूल व्हनार व्हय?" मी म्हणालो, ते मला सांगता येणार नाही. ती दुसरीकडे बघू लागली. आपल्या शरमेचं लोकांना काही अप्रूप नसतं, हे मला तिथं कळलं.

ताईंनी मात्र ग्रामसेवकाला माझं बोलणं ठरावाच्या वहीत शब्दशः लिहायला लावलं. त्यानं 'मान्यवरांनी मनोगत व्यक्त केले' असं लिहायला घेतलं होतं; त्यांनी ते खोडायला लावलं. पुन्हा वाचून घेतलं, मग वही माझ्यापुढं केली. मी सही केली. त्यांनी मला परतीच्या एसटीची वेळ सांगितली आणि पुढच्या विषयाकडे वळल्या. जेवून जा, असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही.

त्या ठरावाची नक्कल पुढच्या वर्षीच्या निवेदनाला जोडली गेली, हे मला वकील मुलीकडून कळलं. त्यामुळं झालं की ताईंनी तालुक्याला घातलेल्या खेपांमुळं, कोण जाणे, पण त्या वर्षीच्या यादीत पूल आला. पहिल्या क्रमांकावर नाही, चौथ्या. गेल्या उन्हाळ्यात मोजणीची माणसं येऊन कोरड्या ओढ्यात खुणेचे दगड रोवून गेली. अजून काम सुरू नाही, आणि मधल्या काळात सातवी झालेल्या मुली घरीच आहेत. मोजणीचं ऐकलं तेव्हा ताईंना फोन करावा असं फार वाटलं. नंबर काढला. मग आठवलं की त्यांनी ही बातमी मला स्वतः कळवली नव्हती. कळवायची असती तर कळवली असती. मी फोन खाली ठेवला.